नोकरीतला औषध-विमा २०२६: प्लॅन निवडण्याआधी औषधांची यादी तपासा

अमेरिकेत ज्या कंपन्यांचे प्लॅन-वर्ष १ जानेवारीला सुरू होते, त्यांची ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडण्याची मुदत, साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. दोन-तीन आठवड्यांच्या त्या मुदतीत बहुतेक जण पगारातून किती कापले जाणार एवढेच बघतात आणि गेल्या वर्षीचा प्लॅन तसाच पुढे चालू ठेवतात. प्लॅनचे नाव तेच राहते, पण आतली औषधांची यादी बदललेली असू शकते. घरात कोणी रोजचे औषध घेत असेल तर आमचे आग्रहाचे सांगणे आहे की ते औषध नाव, मात्रा आणि प्रकार यांसह २०२६ च्या यादीत आधी शोधा. प्रीमियमचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्याचा, विचार त्यानंतर करा.

यादी का बदलते

औषधांचा कारभार बहुधा विमा कंपनी नव्हे, तर पीबीएम (औषध-विम्याचे व्यवस्थापन करणारी कंपनी) बघते. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम-आरएक्स या तिघींच्या हातून देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन जातात. पीबीएम औषध कंपन्यांशी घासाघीस करून सूट मिळवते आणि त्या हिशेबाने कोणते औषध यादीत, म्हणजे फॉर्म्युलरीत, ठेवायचे आणि कोणत्या पायरीवर, म्हणजे तुमच्या वाट्याच्या कोणत्या दरात, ठेवायचे ते ठरवते. केअरमार्कने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या मुख्य याद्यांमधून संधिवातावरचे हुमिरा काढून त्या जागी बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखीच इतर कंपन्यांची औषधे, आणली. १ जुलै २०२५ ला वजन घटवणारे झेपबाऊंड काढून त्याच कामाच्या विगोव्हीला पसंती दिली. दोन्ही तारखा वर्षाच्या मधल्या आहेत. जानेवारीत यादीत असलेले औषध जुलैतही असेलच असे नाही, म्हणून पीबीएमकडून आलेले पत्र न उघडता टाकू नका. तुमच्या कंपनीने वेगळी यादी घेतलेली असू शकते, त्यामुळे शोध इंटरनेटवर मिळणाऱ्या यादीत न घेता स्वतःच्या प्लॅनच्या पोर्टलवर घ्या.

शोधताना बाटलीवरचे लेबल समोर ठेवा. मधुमेहाच्या औषधाचे नुसते ‘मेटफॉर्मिन ईआर’ एवढेच नाव टाकून भागत नाही. ग्लुकोफाज एक्सआरचे जेनेरिक काही डॉलरमध्ये मिळते, तर ग्लुमेत्झा किंवा फोर्टामेटच्या जेनेरिकचे बिल शेकडो डॉलर होऊ शकते. औषध मुळात एकच आहे, फरक फक्त गोळी पोटात कशी विरघळते एवढाच. प्रिस्क्रिप्शनवर चुकीचा प्रकार पडला असेल तर डॉक्टरांकडून बदलून घेणे हे एका फोनचे काम आहे.

नावापुढची अक्षरेही वाचा. ‘पीए’ म्हणजे आधी मंजुरी लागते. ‘एसटी’ म्हणजे स्वस्त औषध आधी घेऊन पाहिल्याची नोंद हवी. ‘क्यूएल’ म्हणजे महिन्याला ठरावीक गोळ्याच मिळतात. ओझेम्पिक, मौंजारो या वजनही घटवणाऱ्या इंजेक्शनांना बहुतेक प्लॅन टाइप २ मधुमेहासाठीच मंजुरी देतात. डॉक्टरांनी मंजुरीच्या अर्जात निदानाचा कोड घातला नाही तर खरोखर मधुमेह असलेल्या माणसाचाही अर्ज परत येतो.

भारतातून नुकते आलेल्यांसाठी

काही औषधे भारतात सर्रास लिहून दिली जातात, पण अमेरिकेत त्यांना मान्यताच नाही: मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड, रक्तदाबासाठी सिल्निडिपिन. ही कोणत्याच प्लॅनच्या यादीत सापडणार नाहीत आणि अपील करूनही मिळणार नाहीत. पर्याय इथल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा लागतो, आणि सोबत आणलेला साठा संपत आल्यावर अपॉइंटमेंट शोधायला निघालात तर मध्ये खंड पडतो. आल्याबरोबर पहिल्या महिन्यात वेळ घ्या. जाताना भारतातल्या ब्रँडची नावे नकोत, पाकिटावरची मूळ औषधांची नावे आणि मिलिग्रॅम लिहून न्या. एका गोळीत तीन औषधे असतील तर तिन्ही वेगवेगळी लिहा. काही नावेही इथे वेगळी आहेत: साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन.

दर सुट्टीत भारतातून औषधे आणून वर्ष काढणारी घरे आम्ही पुष्कळ पाहतो. एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेच्या) नियमाप्रमाणे अशी आयात सहसा वैध नाही. स्वतःपुरता ९० दिवसांपर्यंतचा साठा अधिकारी आपल्या मर्जीने सोडू शकतात, तो हक्क नव्हे. या खर्चाचा एक डॉलरही डिडक्टिबलमध्ये (विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी खिशातून भरायच्या रकमेत) धरला जात नाही, आणि इथे आणून वापरायच्या अशा औषधांचे पैसे एचएसएतून (वैद्यकीय खर्चाच्या करमुक्त बचत खात्यातून) काढणे आयकराच्या नियमात बसत नाही. भारतात मुक्कामी असताना तिथेच घेऊन तिथेच वापरलेले, दोन्ही देशांत कायदेशीर असलेले औषध मात्र चालते. पावती जपून ठेवा.

पैशाचा हिशेब

औषध घेताना तुम्ही भरायचा वाटा ठरावीक रकमेचा असेल तर तो कोपे, किमतीच्या टक्क्यांत असेल तर कोइन्शुरन्स. समजा, ६०० डॉलरच्या औषधावर तुमचा कोपे ४० डॉलर होता आणि नव्या प्लॅनमध्ये त्या जागी ३० टक्के कोइन्शुरन्स आला. आता दरमहा १८० डॉलर जातील, म्हणजे वर्षाला १,६८० डॉलर जास्त. त्याच प्लॅनमुळे दर पंधरवड्याच्या पगारात २५ डॉलर वाचत असतील तर वर्षाची बचत ६५० डॉलर. असा हिशेब घरातल्या प्रत्येक औषधाचा मांडा.

एचएसए असलेल्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल भरेपर्यंत औषधाची पूर्ण किंमत तुम्ही देता. २०२६ साठी हा डिडक्टिबल एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला किमान ३,४०० डॉलर आहे. काही कौटुंबिक प्लॅनमध्ये एकाच माणसाचे औषध असले तरी आधी पूर्ण कुटुंबाची रक्कम भरावी लागते. हे एचआरला स्पष्ट विचारा. इन्सुलिन, हृदयविकारात स्टॅटिन, दम्याचा स्टिरॉइड इनहेलर अशी काही औषधे कंपनीने ठरवले तर डिडक्टिबलच्या आधीही मिळू शकतात. त्याची ‘प्रिव्हेंटिव्ह’ यादी वेगळी असते, तीही मागून घ्या.

सर्वात मोठा फटका बसतो तो औषध कंपनीच्या कोपे कार्डावर, म्हणजे रुग्णाचा वाटा औषध कंपनीच भरते त्या कार्डावर, विसंबणाऱ्यांना. समजा, औषध महिन्याला १,५०० डॉलरचे आहे, डिडक्टिबल ३,००० आणि कार्डावर वर्षाला ६,००० डॉलर. जानेवारी ते एप्रिल सगळे कार्डातून जाते, खिशातून काहीच नाही. पण प्लॅनमध्ये ‘कोपे अ‍ॅक्युम्युलेटर’ असेल तर कार्डाचे पैसे डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. मे महिन्यात कार्ड संपते, डिडक्टिबल मात्र शून्यावरच असते, आणि मे-जूनमध्ये लागोपाठ १,५०० डॉलर भरावे लागतात. फार्मसीच्या खिडकीत हे कळले की लोक औषध न घेताच परत जातात, आणि संधिवात किंवा क्रोन्सच्या (आतड्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला ते महागात पडते. ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ हा शब्द प्लॅनच्या पुस्तिकेत शोधा. काही राज्यांनी या पद्धतीला बंदी घातली आहे, पण कंपनी सेल्फ-फंडेड असेल, म्हणजे दाव्यांचे पैसे स्वतः भरत असेल, तर राज्याचा तो कायदा सहसा तिला लागू होत नाही. म्हणून ‘आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?’ हा प्रश्न एचआरला आधी विचारा.

जेनेरिक असताना ब्रँडच हवा म्हटले तर अनेक प्लॅन कोपेवर किमतीतला फरकही लावतात. ब्रँड २५०, जेनेरिक २०, कोपे १५ डॉलर असेल तर बिल २४५ होते. उलट साध्या जेनेरिकची रोख किंमत कधी कधी कोपेहून कमी असते. २०१८ पासून फार्मासिस्टला ते सांगण्यापासून कोणी रोखू शकत नाही, फक्त विचारावे तुम्हालाच लागते.

१ जानेवारीला काय अडते

पीबीएम बदलली असेल तर नव्या कार्डावर आरएक्स-बिन, पीसीएन आणि ग्रुप हे तिन्ही क्रमांक बदलतात. फार्मसीच्या संगणकात जुनेच असतात, म्हणून दावा फेटाळला जातो आणि ‘तुमचा विमा संपला’ असे उत्तर मिळते. नवे कार्ड दाखवले की बहुतेक वेळा काम होते. जुनी मंजुरी आपोआप पुढे येईल असे धरून चालू नका. डिसेंबरमध्येच डॉक्टरांच्या कचेरीला नवा अर्ज तयार ठेवायला सांगा. मेल ऑर्डरचे उरलेले रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा मिळणारे औषध) कधी पुढे जातात, कधी नाही. अ‍ॅडेरॉलसारख्या शेड्यूल २, म्हणजे कडक सरकारी नियंत्रणाखालच्या, औषधांना मुळात रिफिलच नसते, दर वेळी नवे प्रिस्क्रिप्शन लागते. रिफिल साधारण ७५ ते ८५ टक्के साठा संपल्यावरच मिळते. तो हिशेब धरून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक रिफिल करून ठेवा.

नकार आला तर

कारण लेखी मागा. अपिलाला १८० दिवस मिळतात. अजून न घेतलेल्या औषधाच्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत आणि तातडीच्या प्रकरणात ७२ तासांत द्यावा लागतो. तातडी आहे हे डॉक्टरांनी लिहावे. डॉक्टरांच्या पत्रात आधी कोणती औषधे, किती काळ, किती मात्रेत घेतली आणि काय त्रास झाला हे तारखांसह हवे. ‘रुग्णाला हेच औषध आवश्यक आहे’ एवढ्या एका ओळीचे पत्र हमखास परत येते. वैद्यकीय कारणावरून अंतिम नकार आला तर बहुतेक प्लॅनमध्ये ४ महिन्यांत बाहेरच्या तज्ज्ञांकडे दाद मागता येते.

पासष्टी जवळ आलेल्यांसाठी

मेडिकेअरला (६५ च्या पुढच्यांच्या सरकारी आरोग्य-विम्याला) पात्र कर्मचारी आणि जोडीदार यांना कंपनीने दरवर्षी १५ ऑक्टोबरपूर्वी एक सूचना द्यावी लागते: प्लॅनचा औषध-विमा ‘क्रेडिटेबल’, म्हणजे मेडिकेअरच्या औषध-विम्याइतका तरी चांगला, आहे की नाही. मेडिकेअरच्या पार्ट डीमध्ये (औषध-विम्याच्या भागात) २०२६ साठी खिशातून जाणाऱ्या खर्चाची मर्यादा २,१०० डॉलर आहे. पार्ट डी इतका सुधारल्याने मोठ्या डिडक्टिबलचे काही प्लॅन त्या कसोटीत कमी पडू शकतात. पात्र झाल्यावर क्रेडिटेबल विम्याविना सलग ६३ दिवस किंवा जास्त काढले तर दर महिन्यामागे १ टक्का दंड लागतो. १४ महिने राहिले तर २०२६ च्या ३८.९९ डॉलरच्या पायाभूत हप्त्यावर महिन्याला सुमारे ५.५० डॉलर, आणि तो पार्ट डी असेपर्यंत भरावा लागतो. मेडिकेअरचा पार्ट ए (रुग्णालयाचा भाग) सुरू झाला की एचएसएत पैसे टाकणे थांबते. पार्ट ए उशिरा घेतल्यास तो ६ महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो, म्हणून पैसे टाकणे तेवढे महिने आधीच थांबवा.

सल्ल्यासाठी आमच्याकडे येताना

प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो, सध्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजू, कंपनीने दिलेल्या सर्व प्लॅनचे सारांशपत्र, वर्षभरात फार्मसीत भरलेल्या रकमेचा पोर्टलवरचा तक्ता आणि कोपे कार्ड असल्यास ते आणा. मुदत संपायच्या किमान ५ कामकाजाच्या दिवसांआधी या, म्हणजे डॉक्टरांकडून काही बदलून घ्यायचे असल्यास वेळ उरेल.