रोबोटिक पायाची करामत मोटरमध्ये नाही, शस्त्रक्रियेच्या टाक्यांत आहे

जुलै २०२४ मध्ये 'विचारांवर चालणारा पाय' अशा मथळ्याच्या बातम्या झळकल्या. मेंदू वाचणारं यंत्रच आलं असं वाटावं! डोक्यात चिप वगैरे काही नव्हतं. कातडीवरचे इलेक्ट्रोड कापल्यानंतर उरलेल्या पायातल्या स्नायूंचे विद्युत संकेत टिपतात आणि त्यावरून कृत्रिम घोट्यातली मोटर चालते. मला भावली ती मात्र त्यामागची शस्त्रक्रिया.

बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर उचला. नडगीशेजारचा स्नायू टणक होतो, मागची पोटरी ताणली जाते. चवडा खाली दाबला की उलट. एक आखडला की दुसरा ताणला जाणार, अशी ही जोडी. प्रत्येक स्नायूत 'स्पिंडल' नावाचे सूक्ष्म ताणमापक असतात. आपला स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, हे ते मज्जासंस्थेला सतत कळवतात. म्हणूनच डोळे मिटले तरी घोटा किती वाकलाय ते कळतं.

गुडघ्याखाली पाय कापताना नेहमीच्या पद्धतीत ही जोडी तुटते. पोटरीला हुकूम पोचतो, ती आखडतेही, पण जोडीदार ताणला जात नाही आणि मेंदूला खबर लागत नाही. मग रोबोटिक पायात चाल आधीच भरून ठेवावी लागते. माणूस यंत्रामागे चालतो.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ह्यू हर यांच्या गटाने ही जोडी पुन्हा जुळवली. (हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ मध्ये गिर्यारोहणात हिमदंशामुळे गेले.) दोन्ही स्नायूंची टोकं एकमेकांना शिवायची आणि कप्पीवरच्या दोरासारखी पुढेमागे सरकू द्यायची. एक आखडला की दुसरा पुन्हा ताणला जातो, स्पिंडल बोलू लागतात. माणसावरची अशी पहिली शस्त्रक्रिया २०१६ मध्ये बोस्टनला झाली.

२०२४ च्या अभ्यासात १४ जण होते: ७ या शस्त्रक्रियेचे, ७ नेहमीच्या. रोबोटिक पाय सगळ्यांना सारखाच. तरी पहिल्या गटाचा कमाल वेग ४१ टक्क्यांनी जास्त भरला, जवळजवळ धडधाकट माणसाइतका. चढ, जिने, अडथळे यांतही तेच सरस ठरले. आणि परत मिळालेली संवेदना किती? नैसर्गिकच्या २० टक्क्यांहूनही कमी! एवढ्याशा खबरीवर मज्जासंस्था बाकीची चाल स्वतः रचते.

ही शस्त्रक्रिया पाय कापतानाच करता येते, नंतरही करता येते. ती झालेल्यांना वेदना कमी होतात आणि त्यांचे स्नायूही कमी झिजतात.