नामिबियात कुडू-ओरिक्सची ट्रॉफी शिकार: अर्ज कोण करतो, कागद कोणते लागतात

नामिबियात कुडू, ओरिक्स अशा हरणांसारख्या प्राण्यांची ट्रॉफी शिकार, म्हणजे शिंगं, कवटी, कातडं आठवण म्हणून ठेवण्यासाठी केलेली शिकार, कायदेशीर आहे. तिचा परवाना शिकाऱ्याच्या नावावर निघतो, पण त्यासाठी अर्ज तो स्वतः करत नाही. अर्ज करतो जमिनीचा मालक किंवा सरकारदरबारी नोंदलेला शिकारी गाईड. एवढं लक्षात आलं की बाकीची प्रक्रिया समजायला सोपी जाते आणि ‘परवान्याचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त या’ असं एजंट म्हणाला, तर त्याला उलट काय विचारायचं तेही कळतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर पडदा टाकला. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. रेहेकुरीला जायचं, काळवीट डोळे भरून पाहायचं आणि परत यायचं. मग ही माहिती मराठीत कशाला? कारण टेक्सासमध्ये सहकाऱ्यांबरोबर रायफल चालवायला शिकलेल्या, किंवा जर्मनीत शिकारीची परीक्षा पास झालेल्या मराठी माणसासमोरही नामिबियाची माहितीपत्रकं येतातच, आणि त्यांत किमती ठळक व अटी बारीक अक्षरात असतात. मला स्वतःला भिंतीवरच्या शिंगांचं आकर्षण नाही. पण एखादी गोष्ट कायदेशीर आहे म्हणजे नेमकी कशी आहे, हे माहीत असलेलं बरं.

जनावर कुणाचं?

नामिबियाच्या कायद्यात आधी हा प्रश्न येतो. मूळ कायदा १९७५ चा, निसर्ग संरक्षण अध्यादेश क्रमांक ४. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला तरी आजही शिकारीचा कारभार मुख्यतः याच अध्यादेशावर, वेळोवेळी दुरुस्त्या होत, चालतो. अटी पाळणाऱ्या खासगी शेतमालकाला त्याच्या जमिनीवरच्या काही प्राण्यांवर हक्क मिळाला आणि शिकारीचं उत्पन्न त्याचं झालं. गुरं पाळणारे कितीतरी शेतकरी त्यामुळे कुडू आणि ओरिक्स राखू लागले. १९९६ च्या दुरुस्तीने असाच हक्क सामुदायिक जमिनीवरच्या गावकऱ्यांना, त्यांनी ‘कॉन्झर्व्हन्सी’ नावाची संस्था नोंदवली तर, मिळू लागला. पहिल्या कॉन्झर्व्हन्सी १९९८ मध्ये जाहीर झाल्या. न्याय न्याय ही त्यांतली एक, सान या आदिवासी लोकांच्या मुलखातली. वन्य संपत्तीचा टिकाऊ वापर हे धोरण तर तिथल्या राज्यघटनेच्या कलम ९५ मध्येच लिहिलेलं आहे. कुनोला आठ चित्ते पाठवणारा हाच देश, आणि शिकारीला उघडपणे संरक्षणाचं साधन म्हणणाराही हाच. पटो न पटो, कागदपत्रं या विचारातून जन्मली आहेत.

म्हणून बुकिंगच्या आधी पहिला प्रश्न: शिकार कुठल्या जमिनीवर? खासगी शेत असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. कॉन्झर्व्हन्सी असेल तर तिथे कोणत्या जातीचे किती प्राणी मारता येतील याचा कोटा सरकार ठरवून देतं, आणि शिकार कंपनीचा कॉन्झर्व्हन्सीशी करार असावा लागतो. त्या कराराची मुदत आणि कोट्यात तुमच्या प्राण्याला जागा शिल्लक आहे का, हे विचारायला संकोच करू नये. चांगली कंपनी कागद दाखवते. जी टाळाटाळ करते तिला आगाऊ रक्कम देऊ नये.

पात्रता: परीक्षा गाईडची

परदेशी पाहुण्याला नामिबियात शिकारीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा असते ती त्याच्या सोबत जाणाऱ्याची. ट्रॉफी शिकार नोंदणीकृत गाईड किंवा व्यावसायिक शिकारी बरोबर असल्याशिवाय करता येत नाही, आणि एका गाईडला एका वेळी दोनपेक्षा जास्त शिकारी नेता येत नाहीत. चार मित्र मिळून जाणार असाल तर किमान दोन गाईड हवेत. एकाच गाईडचं नाव दिसलं तर हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

गाईडचे दर्जे वेगवेगळे. साधा ‘हंटिंग गाईड’ मुख्यतः स्वतःच्या नोंदवलेल्या शेतावर पाहुणे नेतो. ‘मास्टर हंटिंग गाईड’ची मुभा थोडी मोठी. ‘प्रोफेशनल हंटर’ मालकाच्या परवानगीने इतर ठिकाणीही शिकार घडवू शकतो. धनुष्यबाणाने शिकार करायची असेल तर त्यासाठी गाईडची वेगळी पात्रता लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि पर्यावरण व पर्यटन खात्याकडून किंवा शिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेकडून तो खरा आहे का ते विचारा. ही संघटना ‘नाफा’ या नावाने ओळखली जाते, आपल्या नफ्याशी तिचा संबंध नाही.

स्थानिक लोक मांसासाठी शिकार करतात, बिल्टाँग म्हणजे सुकवलेल्या मांसाकरता. त्याचा परवाना आणि हंगाम वेगळा. तो परवाना दाखवून ‘यावरच मारून घ्या’ असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यावर मारलेल्या जनावराची शिंगं ट्रॉफी म्हणून देशाबाहेर काढताना अडचण येणार.

हंगाम, संख्या, रायफल

ट्रॉफी शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारी बंद. बहुतेक लोक मे ते ऑगस्टच्या कोरड्या थंडीत जातात, तेव्हा गवत विरळ झालेलं असतं आणि जनावर लांबून दिसतं. रात्री शिकार करता येत नाही.

एका परवान्यावर एका शिकाऱ्याला एका जातीचे जास्तीत जास्त दोन प्राणी. जातींची वर्गवारीही समजून घ्यावी. कुडू, ओरिक्स आणि स्प्रिंगबॉक हे अध्यादेशात ‘शिकारयोग्य’ वर्गात आहेत, तर एलंड, हार्टबीस्ट, वाइल्डबीस्ट वगैरे त्याच कुळातले प्राणी ‘संरक्षित’ वर्गात. संरक्षित म्हणजे शिकार होतच नाही असं नाही, पण नियम कडक. परवान्यावर प्रत्येक जातीचं नाव असलं पाहिजे. ओरिक्ससाठी निघालात आणि वाटेत सुरेख हार्टबीस्ट दिसला, म्हणून गोळी झाडता येत नाही.

बंदुकीच्या बाबतीत कायदा आकड्यांत बोलतो. रायफल किमान ७ मिलिमीटर कॅलिबरची. गोळी नळीतून सुटतानाची ऊर्जा स्प्रिंगबॉक, डायकर अशा लहान प्राण्यांसाठी निदान १,३५० ज्यूल. कुडू, ओरिक्स, हार्टबीस्ट, वाइल्डबीस्ट आणि एलंडसाठी २,७०० ज्यूल. हेतू उघड आहे, जनावर घायाळ होऊन तडफडत पळू नये. पिस्तुल, स्वयंचलित शस्त्र आणि क्रॉसबो चालत नाही.

स्वतःची रायफल नेणं ही दुसरी प्रक्रिया. नामिबियात तात्पुरता आयात परवाना राजधानी विंडहूकच्या होसेआ कुटाको विमानतळावर पोलीस देतात. फॉर्म आधीच भरून न्यावा. त्यात रायफलचा मेक, कॅलिबर, सीरियल क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहायची असते. काडतुसं त्याच रायफलच्या कॅलिबरची हवीत. क्रमांकातला एक अंक इकडचा तिकडे झाला तर रायफल विमानतळावर अडकते, म्हणून फॉर्म रायफल समोर ठेवून भरावा.

जोहान्सबर्गमार्गे जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. सामान थेट विंडहूकपर्यंत पुढे जाणार नसेल, किंवा मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुक्काम असेल, तर तिथल्या पोलिसांचा स्वतंत्र तात्पुरता परवाना लागतो. त्याचा फॉर्म एसएपीएस ५२०. तो काळ्या शाईने भरायचा, पण सही घरी करायची नाही, अधिकाऱ्यासमोर करायची. अमेरिकेतून निघणाऱ्यांनी जाण्यापूर्वीच कस्टम्सकडून ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर रायफलची नोंद करून घ्यावी. परतताना ‘ही माझीच, इथूनच नेली होती’ याचा तो पुरावा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी रायफल शेतावरच भाड्याने घ्या. ही सोय बहुतेक ठिकाणी असते, आणि भारतातून जाणाऱ्याने तर दुसरा विचारच करू नये. शस्त्र देशाबाहेर नेऊन परत आणण्याची परवानगी हे वेगळंच दिव्य आहे.

बरोबर न्यायचे कागद

पासपोर्ट आणि परतीचं तिकीट लागणारच. व्हिसाचे नियम अलीकडे बदलले आहेत: १ एप्रिल २०२५ पासून अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन पासपोर्टवरही व्हिसा घ्यावा लागतो, पूर्वी लागत नव्हता. त्याशिवाय यजमानाचं, म्हणजे शेतमालकाचं किंवा शिकार कंपनीचं, निमंत्रणपत्र, ज्यात शेताचं किंवा कॉन्झर्व्हन्सीचं नाव, गाईडचं नाव आणि तारखा असाव्यात. रायफल नेत असाल तर तिचा मूळ परवाना आणि दोन-तीन प्रती. शिकारीच्या कराराची प्रत. आणि शिकार परवान्याची प्रत, जी यजमानाने तुम्ही निघण्यापूर्वी पाठवलेली असावी. ‘आल्यावर काढू’ हे उत्तर मान्य करू नका. परवाना हाती येण्याआधी झाडलेली गोळी बेकायदा शिकार ठरते आणि गोळी झाडणारे तुम्ही असता, एजंट नव्हे.

एक गोष्ट कागदाची नाही, पण विचारून घेण्यासारखी. नामिबियातल्या कुडूंमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रेबीजच्या साथी येत आल्या आहेत आणि तो कुडूपासून कुडूला पसरतो. माणसाला न बुजणारा, लाळ गाळणारा कुडू म्हणजे सोपी शिकार नव्हे, आजारी जनावर. मेलेल्या कुडूच्या तोंडाला उघड्या हाताने शिवू नये. लसीबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

गोळीनंतरचं काम

इथून पुढे बऱ्याच जणांचं लक्ष उडतं, आणि ट्रॉफी इथेच अडते. मारलेल्या प्राण्यांची नोंद गाईडने करून खात्याला द्यायची असते. मांस यजमानाकडे राहतं. कॉन्झर्व्हन्सीत ते गावकऱ्यांत वाटलं जातं. तुमच्या वाट्याला येतात शिंगं, कवटी आणि कातडं, तीही लगेच नाही.

कातडं मीठ लावून वाळवतात, कवटी उकळून साफ करतात. मग दोन वाटा: तिथल्याच टॅक्सीडर्मिस्टकडून, म्हणजे प्राण्यांची कातडी भरून टिकवणाऱ्या कारागिराकडून, पूर्ण ट्रॉफी बनवून घ्यायची, किंवा ‘डिप अँड पॅक’ म्हणजे निर्जंतुक करून, रसायनात बुडवून, पेटीबंद करून आपल्या देशातल्या कारागिराकडे पाठवायची. दोन्हीला महिने लागतात. निर्यातीसाठी खात्याचा निर्यात परवाना आणि सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र हवं. उत्तर नामिबियात शिकार असेल तर ‘रेड लाइन’ आडवी येते: लाळ्या-खुरकुतासाठी उभारलेलं, देश आडवा कापणारं पशुवैद्यकीय कुंपण. त्याच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चा पशुजन्य माल असाच आणता येत नाही.

मग साइट्सचा, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, मुद्दा. कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक, एलंड साइट्सच्या परिशिष्टांत नाहीत, त्यामुळे त्यांचं काम तुलनेने हलकं. लेचवे हा हरणासारखा प्राणी मात्र परिशिष्ट दोनमध्ये आहे. त्याला साइट्स निर्यात परवाना लागतो. काळ्या चेहऱ्याचा इम्पाला दिसायला साध्या इम्पालासारखाच, पण अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या यादीत आहे. अमेरिकेत राहणाऱ्याने त्याची आयात परवानगी मिळेल का, हे तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडून गोळी झाडण्याआधी विचारून घ्यावं. इतर ट्रॉफी अमेरिकेत आणतानाही ३-१७७ क्रमांकाचं घोषणापत्र भरावं लागतं. ब्रिटनमध्ये ट्रॉफी आयातबंदीचं विधेयक २०२३ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने मंजूर केलं आणि ते लॉर्ड्समध्ये अडलं. विषय तिथे मिटलेला नाही, तेव्हा पाठवणीच्या वेळी काय नियम आहे ते पाहावं.

भारतात ट्रॉफी आणायचा विचार मात्र सोडून द्यावा. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या प्राण्यांची व त्यांच्या अवयवांची आयात आपल्या आयात धोरणात निषिद्ध आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधल्या जातीही कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. ‘कुडू तर यादीत नाही’ हा युक्तिवाद विमानतळावर करून पाहू नये. कातडं-हाडं पशुजन्य माल असल्याने प्राणी क्वारंटाइनची परवानगीही आडवी येते. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळलेली शिंगं कस्टम्सला स्कॅनरवर दिसतात.

करारात काय पाहाल

रोजचं भाडं आणि ट्रॉफी फी या दोन रकमा वेगळ्या असतात. फी जातीप्रमाणे बदलते. घायाळ होऊन निसटलेल्या जनावराचेही पूर्ण पैसे द्यावे लागतात, रक्ताचा थेंब दिसला की फी लागू, अशीच बहुतेक करारांची भाषा असते. डिप अँड पॅक, पेटी, विमानभाडं आणि तुमच्या देशातल्या क्लिअरिंग एजंटचा खर्च त्यात धरलेला नसतो. अनेक विमान कंपन्या ट्रॉफी नेतच नाहीत, त्यामुळे मालवाहतुकीचा मार्ग आधी ठरवून घ्यावा. निर्यात किंवा आयात परवानगी नाकारली गेली तर ट्रॉफी फी परत मिळणार का, हे कलम बहुतेक करारांत नसतं. सही करण्याआधी ते लिहून घ्या.