गडावर मुक्कामाला जाताय? तळं आणि टाकं यांतला फरक बघून घ्या

नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्याच्या माथ्याखाली जे पठार आहे, तिथे गंगासागर तलाव आहे आणि त्याला लागूनच गंगा-जमुना ही कातळात खोदलेली दोन टाकी. चढ संपवून घामाघूम झालेल्या माणसाची नजर आधी तळ्याकडेच जाते. ऐसपैस पाणी, काठाला सपाटी, वर १५६७ मीटरवरचं परशुरामाचं देऊळ. तंबू इथेच ठोकायचा आणि पाणीही इथलंच भरायचं, हे मनाशी पक्कं होऊन जातं. शेजारचं टाकं म्हणजे त्याच पाण्याचा छोटा साठा असं समजून पुष्कळ जण त्याच्याकडे बघतही नाहीत. प्रत्यक्षात दोन्हींत पाणी येतं वेगळ्या वाटेनं आणि नासतं वेगळ्या कारणानं. मुक्कामाचं सगळं गणित त्यावर फिरतं.

तळं समजायला सोपं. पाऊस उतारावरून वाहत येतो आणि खोलगट जागेत साठतो. गडांवर ही जागा बहुतेकदा माणसानंच केलेली असते. कुठे बांधकामाला दगड काढून पडलेली खाण, कुठे उताराच्या तोंडाशी घातलेला बांध. बांध गळला की तळं संपलं. रायगडावरच्या हत्ती तलावात कित्येक वर्षं पाणी ठरत नव्हतं. गळती शोधून बुजवली तेव्हा कुठे तो पुन्हा भरू लागला. (रायगडावरही एक गंगासागर आहे. नाव तेच, गड वेगळा; गाडी ठरवताना हा घोळ झालेला ऐकलाय.)

टाक्याचा मामला निराळा. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. त्यातले काही भेगाळलेले, काही सच्छिद्र, काही घट्ट, आणि अधूनमधून तांबड्या मातकट दगडाचा पट्टा. माथ्यावर पडलेलं पाणी भेगांतून मुरत खाली जातं, घट्ट थर लागला की अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या पोटातून पाझरतं. जुन्या लोकांनी हे पाझर हेरून तिथे कातळ फोडला. म्हणून पाऊस जाऊन महिने उलटले तरी चांगल्या टाक्याची पातळी उपसल्यावर पुन्हा चढते. सगळीच टाकी अशी जिवंत नसतात. बरीचशी पावसाचं पाणी धरणारे नुसते हौद असतात, आणि वापर सुटला की गाळानं भरून जातात.

जिवंत टाकं ओळखायला काठाशी दोन मिनिटं बसावं. आतल्या भिंतीवर ओल्या दगडाची एक आडवी रेघ दिसते, तिच्या कडेनं नेच्याची बारीक पानं उगवलेली असतात. तो पाझर. काही टाक्यांच्या काठावर कातळात कोरलेले गोल खळगे असतात, ते वर छप्पर धरायच्या खांबांचे. वरच्या अंगाला कधी उथळ चर सापडतो, उतारावरचं गढूळ पाणी बाजूला काढण्यासाठी खोदलेला. आणि खांबटाकं असेल तर प्रश्नच नाही. छत तोलायला कातळाचेच खांब राखून आत पोकळी केलेली, तोंड लहान. ऊन आत शिरत नाही, त्यामुळे शेवाळ फारसं धरत नाही, वाफ होऊन पाणी कमी उडतं आणि भर एप्रिलातही गार राहतं. खोदणाऱ्यांनी पाण्याचा एवढा विचार केला आणि आपण त्यात मॅगीचं पातेलं विसळतो, याचा मला दर वेळी नव्यानं राग येतो.

आता खरा फरक. तळ्यात काय मिसळतं ते डोळ्यांना दिसतं. काठावर म्हशींच्या खुरांचे ठसे, शेणाचे पो, आदल्या ग्रुपच्या पत्रावळ्या. मार्चपर्यंत पाणी आटून हिरवं होतं. टाक्याचं पाणलोट मात्र दगडाच्या आत असतं, आणि इथेच घात होतो. पहाटे टमरेल घेऊन निघालेला माणूस पाण्यापासून लांब जायचं म्हणून आडोसा बघत वरच्या अंगाला जातो. कातळावर माती वीतभरही नसते. खाली भेगा, भेगांखाली टाकं, आणि नऊ वाजता चहा त्याच टाक्याचा. पाण्यापासून सत्तर पावलं दूर बसावं हा ट्रेकर्सचा नियम तळ्यापुरता बरा आहे. टाक्याच्या बाबतीत अंतराइतकीच बाजू बघावी लागते. टाक्याच्या खालच्या अंगाला जा, आणि त्या उतारावर आणखी टाकी नाहीत ना हे आधी बघा, कारण गडांवर ती पायरीपायरीनं एकाखाली एक असतात.

प्यायचं पाणी शक्यतो जिवंत टाक्यातूनच घ्यावं, आणि तेही तसंच पिऊ नये. फडक्यातून गाळून खदखदून एक मिनिट उकळलं तर आपल्या उंचीला पुरतं. क्लोरीनच्या थेंबांनी अर्ध्या तासात बहुतेक जंतू मरतात, पण काही चिवट परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, उकळण्याला देतात. तळ्यावर हिरव्या रंगासारखी साय आली असेल तर उकळूनही उपयोग नाही, कारण त्या शेवाळातलं विष उकळल्यानं जात नाही. हरिश्चंद्रगडावरची देवळापुढची पुष्करणी तळं आणि टाकं या दोन्हींत बसत नाही. ती धार्मिक कामाची. मी तिथलं पाणी पिण्याला घेणार नाही.

आणि पिण्याच्या पाण्यात उतरू नये. गावातली म्हातारी माणसं यावरून ओरडतात ते उगाच नाही. त्यांनी नारू, म्हणजे कातडी फोडून लांब जंत बाहेर येण्याचा रोग, पाहिलाय. रोग्याचा पाय पाण्यात बुडाला की जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू व्हायचा. पायऱ्यांच्या विहिरी त्यापायी बंद केल्या गेल्या. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारू गेला, तरी घामट पायांचं बाकी सगळं आहेच.

तंबूचं म्हणाल तर तळ्याचा काठ फोटोला छान आणि झोपायला वाईट. गार हवा खोलगट भागात येऊन बसते, डिसेंबरात पहाटे तंबू आतून-बाहेरून दवानं निथळतो. शिवाय रात्री पाण्यावर येणारी जनावरं तुम्ही आडवे पडलात म्हणून वाट वाकडी करतीलच असं नाही. तळ्यापासून थोडं वर, वाऱ्याला पाठ देणारा उंचवटा बघा. मुरमात खुंट्या शिरत नाहीत, दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात; धोंडे शोधताना तटाचे किंवा जोत्याचे घडीव दगड उचलू नका. टाक्याजवळ तंबूला जागाच नसते, ते एका अर्थी बरंच. शेकोटीचा हट्ट सोडा. कड्याला आग्यामोहळ असेल तर धुरानं माश्या उठतात आणि अरुंद वाटेवर पळायला जागा नसते.

मुक्कामाला मुभा आहे का, हे आधी पायथ्याच्या गावात आणि वनखात्याच्या नाक्यावर विचारावं. साल्हेर, राजगड, शिवनेरी आणि रायगड २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गावात विचारताना ‘वर पाणी आहे का’ एवढंच विचारू नका. तळं डोळ्यापुढे आणून समोरचा ‘आहे की’ म्हणतो आणि तुम्ही रिकाम्या बाटल्यांनिशी वर जाता. ‘मामा, प्यायचं टाकं कुठलं, आणि आत्ता त्याला किती दोरी लागते?’ असं विचारा. दोरी किती ते कळलं की पाणी किती खाली गेलंय तेही कळतं, आणि सॅकमध्ये दोर नि छोटी बादली टाकायची की चार लिटर पाणी खालूनच न्यायचं, ते तिथल्या तिथे ठरवता येतं.