उत्तर कोरियाला एकदा थांबवलं होतं

३ सप्टेंबर २०१७. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात गणपतीच्या मांडवात बसलो होतो. उत्तर कोरियानं सहावी अणुचाचणी केल्याची बातमी मोबाइलवर आली. एका काकाजींनी विचारलं, "याले कोनी अडवत काऊन नाही जी?"

अडवलं होतं, आणि चांगलं आठ वर्षं. हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

उत्तर कोरियातल्या योंगब्योनची छोटी अणुभट्टी १९८६ मध्ये सुरू झाली. तिच्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमचा, म्हणजे बॉम्बच्या मालाचा, कोरियानं सांगितलेला हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांच्या तपासणीशी जुळेना. १९९४ पर्यंत प्रकरण इतकं तापलं की अमेरिकेनं भट्टीवर हल्ल्याचा विचार चालवला. जूनमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयांगला जाऊन तिथले सर्वेसर्वा किम इल सुंगना भेटले. पुढच्याच महिन्यात किम वारले, तरी ऑक्टोबरात अमेरिका आणि उत्तर कोरियाचा करार झाला. भट्टी बंद, बदल्यात विजेसाठी दोन नव्या अणुभट्ट्या, आणि त्या होईपर्यंत दरसाल ५ लाख टन इंधनतेल. ज्यांतून प्लुटोनियम काढतात त्या वापरलेल्या इंधनाच्या सुमारे ८,००० कांड्या डब्यांत भरून सील केल्या आणि निरीक्षक तिथंच मुक्कामाला राहिले. माझ्या मते खरा बंदोबस्त तोच.

पण तेल उशिरा पोचायचं, नव्या भट्ट्यांचं काम रेंगाळलं. तिकडे कोरियानं पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या मदतीनं बॉम्बसाठी युरेनियमचा चोरवाटेचा उद्योग मांडला. पाकिस्तानचं घौरी क्षेपणास्त्रही मूळ कोरियाचंच. जून १९९९ मध्ये आमच्याकडे मृगाच्या पेरण्या चालू होत्या, गावातली दोन पोरं फौजेत होती, आणि कारगिलच्या बातम्यांसाठी माणसं रेडिओ घेऊन वावरात जायची. त्याच महिन्यात कांडला बंदरात 'कु वोल सान' हे कोरियन जहाज अडवलं गेलं. आत क्षेपणास्त्रांचे सुटे भाग होते. ते पाकिस्तानला चालले असावेत असा तेव्हा संशय होता, पुढे मात्र लिबियाचं नाव आलं. म्हणून हा प्रश्न मला कधी दूरचा वाटला नाही.

२००२ मध्ये अमेरिकेनं युरेनियमवरून जाब विचारला, तेल थांबवलं. कोरियानं सीलं तोडली, निरीक्षकांना हाकललं, जानेवारी २००३ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार सोडला. पहिली चाचणी ९ ऑक्टोबर २००६ ला. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध त्यानंतर पाच दिवसांनी आले, म्हणजे घोडं पळाल्यावर तबेल्याला कुलूप.

मध्ये निरीक्षक पुन्हा गेले होते. एप्रिल २००९ मध्ये त्यांना परत काढलं, ते कायमचंच. ट्रम्प आणि किम जोंग उन यांच्या सिंगापूर आणि हनोईच्या भेटींतूनही निरीक्षकांची वाट उघडली नाही. योंगब्योनवर आता उपग्रहातूनच लक्ष ठेवावं लागतं. निर्बंधांवर देखरेख करणारं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञमंडळही मार्च २०२४ मध्ये रशियानं नकाराधिकार वापरून बंद पाडलं.