मशरूम ही वनस्पती नाही हो!

"मशरूम म्हणजे बिनपानांची वनस्पतीच" हे अजूनही फॉरवर्ड होत असतं. मशरूम ही खरं तर बुरशी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली बुरशीला वनस्पतींतच टाकलं होतं, कारण तेव्हा सजीवांचे दोनच मोठे गट मानायचे, प्राणी नाहीतर वनस्पती, आणि बुरशी काही चालत-फिरत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटेकरने १९६९ मध्ये तिला स्वतंत्र सृष्टी (म्हणजे सजीवांचा वेगळा मोठा गट) दिली. आता बघा, बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच, आणि ती स्टार्च नाही तर ग्लायकोजेन साठवते, जे आपल्या लिव्हरमध्येही असतं. उन्हावर अन्न बनवणं तर तिला जमतच नाही. नंतर डीएनए तपासले तेव्हा कळलं की बुरशी झाडांपेक्षा आपल्याच जवळची नातेवाईक, आणि आजचं वर्गीकरण दिसण्यावर नाही, पूर्वज कोण यावर चालतं. व्हेल मासा नाही हे लोकांना लगेच पटतं, बुरशीचंच काय अडतं कोण जाणे!