पोक्सो खटल्यात आरोपी सुटला, तर कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये अपील कसं करायचं

पोक्सो म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. त्याच्या खटल्यात विशेष न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं की घरच्यांना वाटतं, आता काही उरलं नाही. तसं नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 372) पीडिताला स्वतःचं अपील करता येतं. बालक अल्पवयीन असेल तर आईवडील किंवा पालक ते दाखल करतात. सरकार अपील करतंय का, याची वाट बघायची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानंतर उच्च न्यायालयाची आगाऊ परवानगीही लागत नाही. अपिलाची कारणं तीन: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, किंवा भरपाई अपुरी मिळाली. शिक्षेची वर्षं कमी वाटत असतील तर तो अधिकार सरकारचा. सरकारी वकिलांकडे लेखी विनंती द्या.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू आहे, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची अपिलं इथेच येतात. गडहिंग्लजच्या कुटुंबाला आता मुंबई गाठावी लागत नाही.

पीडिताच्या अपिलाची मुदत कलमात लिहिलेली नाही, पण त्यावर विसंबू नका. सरकारला 90 दिवस मिळतात. तुम्हीही त्याच्या आतच दाखल करा. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.

कागद: निकालाची प्रमाणित प्रत, फिर्याद, सर्व साक्षीदारांच्या साक्षी उलटतपासासह, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, वैद्यकीय आणि प्रयोगशाळेचे अहवाल, पंचनामे, वयाचा पुरावा, वकीलपत्र. बालकाचं नाव, शाळा, गाव, फोटो अपिलात उघड होता कामा नये. नावाऐवजी आद्याक्षर वापरतात.

खरा प्रश्न पुराव्याचा. अपिलात उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने वाचू शकतं. मात्र त्यातून दोन निष्कर्ष तितकेच शक्य असतील तर सुटका कायम राहते, हे 2007 च्या चंद्रप्पा निकालापासून पक्कं आहे. त्यामुळे ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराचं कोणतं वाक्य खालच्या न्यायालयाने चुकीचं वाचलं किंवा सोडून दिलं, ते पान क्रमांकासह मांडा. बहुतेक अपिलं इथेच कमकुवत पडतात.

बालकाची एकट्याची साक्षही शिक्षेला पुरते, ती विश्वासार्ह हवी. मूल शिकवून बोलतंय का, हे न्यायालय तपासतं. तारीख किंवा वेळ चुकली म्हणून साक्ष पडत नाही. मूळ घटनेचं सांगणंच दर वेळी बदललं तर पडते. मुलाने पहिल्यांदा कुणाला आणि कधी सांगितलं, त्या व्यक्तीची साक्ष फार मोलाची. फिर्याद उशिरा दिली असेल तर कारण रेकॉर्डवर आलेलं हवं: भीती, आरोपी घरातलाच असणं.

अंगावर जखम नाही म्हणजे गुन्हा नाही, असं नाही. स्पर्शाच्या गुन्ह्यात खूण राहतेच असं नाही, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कातडीला कातडी लागण्याची अटही नाकारली. महत्त्वाचा तो लैंगिक हेतू. नमुन्यांचं सील आणि ताबा यांची साखळी तुटली, तर मात्र चांगला डीएनए अहवालही हातचा जातो.

पोक्सोच्या कलम 29 मधलं गृहीतक, म्हणजे आरोपीनेच गुन्हा केला असं धरून चालणं, आपोआप लागू होत नाही. घटनेचा पाया आणि वय आधी सिद्ध करावं लागतं. वयासाठी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. 2023 च्या युवाप्रकाश प्रकरणात शाळा बदलल्याचा दाखला पुरेसा मानला नाही. कागद राहून गेला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 432 खाली जादा पुराव्याची विनंती करता येते. ती क्वचितच मान्य होते, म्हणून पहिल्याच दिवशी मागा.

उलट आरोपीला शिक्षा झाली आणि त्याने अपील केलं, तर शिक्षा स्थगितीच्या अर्जावर तुमचं म्हणणं ऐकून घेण्याचा आग्रह धरा.

वकिलाचा खर्च अडचण असेल तर कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बालकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.