पार्श्वभूमी: माचू पिचूच्या पायथ्याचं गाव आणि खिडकीवरची हजार तिकिटं

पेरूतल्या आग्वास कालिएन्तेस या गावात मोसमाच्या दिवसांत पहाटेपासून रांग लागते. माचू पिचूच्या एकूण प्रवेशतिकिटांपैकी रोज हजार तिकिटं फक्त या गावातल्या खिडकीवर, दुसऱ्या दिवसासाठी विकली जातात. ही खिडकी असावी की नसावी यावरून गेली काही वर्षं जो झगडा चालू आहे, तो समजायला गाव कसं वसलं हे आधी पाहावं लागतं.

डोंगरावरची माचू पिचू ही इंका वसाहत पंधराव्या शतकातली. खालचं गाव मात्र विसाव्या शतकातलं, रेल्वेमजुरांच्या छावणीतून वाढलेलं. कुस्को शहराहून येणारा ९१४ मिलिमीटर रुंदीचा अरुंद रूळमार्ग उरुबांबा नदीच्या घळीतून इथवर आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं उभी राहिली. १९४१ मध्ये इथे स्वतंत्र जिल्हा झाला. १९४८ मध्ये वर चढणारा नागमोडी रस्ता खुला झाला, पण तो गाव आणि अवशेष एवढंच जोडतो. बाहेरच्या कुठल्याही रस्त्याला तो मिळत नाही. त्यावर धावणाऱ्या बसगाड्यासुद्धा रेल्वेनेच आणाव्या लागल्या.

नावाचा गोंधळ इथेच सांगून टाकू. ‘आग्वास कालिएन्तेस’ म्हणजे गरम पाणी. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गरम पाण्याच्या कुंडांवरून पडलेलं हे नाव. सरकारदरबारी गावाचं नाव ‘माचूपिचू पुएब्लो’, आणि रेल्वेच्या तिकिटावर नुसतं ‘माचू पिचू’. त्यामुळे गाडी थेट अवशेषांशी थांबते असा अनेकांचा समज होतो. स्थानक साधारण २,०४० मीटरवर आहे आणि प्रवेशद्वार त्याहून सुमारे ४०० मीटर उंच. मधल्या चढासाठी बसचं तिकीट वेगळं काढावं लागतं किंवा नदीवरच्या पुलापासून दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. त्याला साधारण एक ते दीड तास लागतो.

एकाच वाटेवर जगणाऱ्या गावाचं काय होतं, हे निसर्गाने वारंवार दाखवलं. १९९८ मध्ये दरडीच्या लोंढ्याने खालचं जलविद्युत केंद्र गाडलं गेलं, पुढे क्विलाबांबा गावाकडे जाणारे रूळ कायमचे गेले आणि गाडी तेव्हापासून या केंद्राजवळच्या हिद्रोएलेक्त्रिका स्थानकातच संपते. २००४ मध्ये खुद्द गावावर दरड आली, माणसं दगावली. जानेवारी २०१० च्या पुरात रूळ तुटले आणि अडकलेल्या हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्यानंतरचे सुमारे दोन महिने गावात गिऱ्हाईकच नव्हतं.

तिकिटांचा वाद या अनुभवावर उभा आहे. २०११ मध्ये दिवसाला २,५०० माणसांची मर्यादा ठरली होती, पण ती बराच काळ कागदावरच राहिली. कोविडच्या साथीनंतर, २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ऑनलाइन तिकिटं संपलेली असताना प्रवासी गावात येऊन पोचले. ना वर जाता येत होतं, ना पैसे परत मिळत होते. लोकांनी रूळ अडवले. त्या गोंधळातून खिडकीवरची हजार तिकिटं आली. १ जानेवारी २०२४ पासून रोजची मर्यादा ४,५०० आणि ठरावीक गर्दीच्या दिवशी ५,६०० झाली. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचं काम एका खासगी कंपनीकडे गेलं. गावकऱ्यांना ती वारसास्थळाच्या खासगीकरणाची पहिली पायरी वाटली. कित्येक दिवस गाड्या बंद राहिल्या आणि अखेर सरकारला करारातून माघार घ्यावी लागली.

खिडकीचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी मूळ पासपोर्ट दाखवून क्रमांक घ्यायचा. तो क्रमांक म्हणजे तिकीट नव्हे. त्यावर दिलेल्या वेळेला दुपारी परत यायचं आणि तेव्हा जे सर्किट, म्हणजे अवशेषांतून फिरण्याचा ठरवून दिलेला मार्ग, शिल्लक असेल ते घ्यायचं. तीन सर्किटांपैकी दुसरं सर्वांत आधी संपतं, कारण वरून दिसणारं ओळखीचं दृश्य आणि आतली नगरी हे दोन्ही त्यातच मिळतं. पहिल्यात वरच्या पायऱ्यांवरून नुसतं पाहणं होतं, तर तिसरं खालच्या भागातून फिरवतं. तिकीट दुसऱ्या दिवसाचं असल्यामुळे गावात एक रात्र काढावीच लागते. इथेच सर्वाधिक लोक फसतात. परतीच्या गाडीचं तिकीट त्याच दिवसाचं काढलेलं असतं, ते वाया जातं आणि ऐनवेळी मिळणारी जागा महाग पडते.

ही सक्तीची रात्र म्हणजे गावाचा रोजगार. टीकाकार म्हणतात की प्रवाशांना मुद्दाम अडकवून ठेवलं जातं. पण खिडकीमुळे अवशेषांवरचा भार वाढतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा टिकत नाही. ही हजार तिकिटं एकूण मर्यादेतलीच आहेत. दगड किती झिजतात ते वर जाणाऱ्यांच्या एकूण आकड्यावर ठरतं, मग तिकीट कुठेही विकलेलं असो. खिडकी बंद झाली तर पहाटेच्या गाडीने येऊन संध्याकाळी कुस्कोला परतणाऱ्यांचीच संख्या वाढेल, आणि रेल्वे व बसवाले सोडले तर गावात कुणाच्या हाती फारसं काही लागणार नाही. रांगेची व्यवस्था सुधारायला हवी, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावं असं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये हाच प्रश्न बसच्या निमित्ताने पुन्हा उसळला. वर जाणाऱ्या बसचा तीस वर्षांचा ठेका संपला, नवं काम कुणाला द्यायचं यावरून रस्सीखेच झाली आणि आंदोलकांनी रुळांवर पुन्हा दगड टाकले. सुमारे १,४०० पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी उरते ती हिद्रोएलेक्त्रिकाची वाट: रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर, अडीच ते तीन तास. पुढे सांता तेरेसा गावामार्गे कुस्कोपर्यंत सहा-सात तासांची मिनीबस. डिसेंबर ते मार्च या पावसाळ्यात मात्र त्या रस्त्यावरही दरडी कोसळतात.